बहात्तर वार कापड : आठव्या वेतन आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
आठवा केंद्रीय वेतन आयोग,
नवी दिल्ली

अध्यक्ष महोदया आणि सदस्य महोदय,

स. न. वि. वि.

मी आपल्या कक्षेत येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी सीएनसी लेथवर काम करतो. एकोणीस वर्षे झाली. शेड तीच, मालक तोच, मशीन एकदा बदलले. कंत्राटदार मात्र पाच झाले. नवा कंत्राटदार आला की जुने गेटपास जमा होतात, नवे मिळतात आणि कागदावर आम्ही पुन्हा पहिल्या दिवसाचे होतो. त्यामुळे एकोणीस वर्षे राबूनही माझी सलग नोकरी सव्वाचार वर्षांच्या वर कधी गेली नाही.

तरीही पत्र आपल्याला लिहितो आहे. 28 ऑक्टोबर 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आपली कार्यकक्षा मंजूर केली आणि तिच्यात माझा उल्लेख आला. नावाने नाही, पण आला. सरकारी पगार सुचवताना देशाची आर्थिक स्थिती बघा, राज्यांच्या तिजोरीवर पडणारा भार बघा, आणि सार्वजनिक उपक्रमांत व खासगी क्षेत्रात पगार किती, सवलती कोणत्या, कामाची परिस्थिती कशी, तेही बघा, असे त्यात म्हटले आहे. ते खासगी क्षेत्र म्हणजे आम्ही. आमच्याकडे बघून सरकारी शिपायाचा पगार ठरणार. आपल्या अध्यक्षा न्यायमूर्ती रंजना देसाई मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षे न्यायाधीश होत्या, तेव्हा मराठीत लिहिलेले चालेल असे धरतो.

आमच्याकडे जरूर बघा. पण कसे बघणार, याची धास्ती वाटते.

कारण मागच्या वेळीही बघितले होते. न्या. अशोक कुमार माथुर यांच्या सातव्या आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून सरकारी आणि खासगी पगारांची पाहणी करून घेतली. सरकारातल्या सर्वांत खालच्या मदतनिसाला सगळे धरून 22,579 रुपये पडतात आणि पाहणीतल्या खासगी आस्थापनांत तसल्याच मदतनिसाला 8,000 ते 9,500, असे त्यात निघाले. वर वर जावे तसा हा फरक आटत जातो. आयोगाचा अहवाल नोव्हेंबर 2015 चा. त्या वर्षी मी 9,200 वर होतो, म्हणजे पाहणीतला तो माणूस मीच म्हणा ना. त्या 22,579 वर पुढे दहा वर्षे टीव्हीवर चर्चा झाल्या, सरकारी नोकर कसे लाडावलेत ते सांगून झाले. 8,000 वर कोणी एखादा प्रश्न विचारल्याचे माझ्या कानावर आलेले नाही.

आता घरची गोष्ट.

माझे साडू केंद्र सरकारच्या एका कार्यालयात एमटीएस आहेत. पूर्वी शिपाई म्हणत तेच. आम्ही एकाच घरचे दोन जावई. सासूबाई दोघांना ताट सारखेच वाढतात, पण लग्नकार्यात ओळख करून देताना 'हे थोरले जावई, सरकारात आहेत' एका दमात येते, आणि 'हे धाकटे' म्हटल्यावर त्या पदर सावरतात, मग म्हणतात, 'कंपनीत असतात'. गेल्या दिवाळीत निफाडला ओसरीवर बसून आम्ही दोघांनी मोबाइलवर आपापल्या पगाराच्या स्लिपा काढल्या.

माझी अशी : एकूण 17,200. त्यातून पीएफ 1,620, ईएसआय 129, व्यवसाय कर 200, कँटीन 390. हातात 14,861. त्यातला व्यवसाय कर जाता जाता बघून ठेवा. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला तो वर्षाला 2,500 पडतो. महिना 200 आणि फेब्रुवारीत 300. सव्वादोन लाख बेसिक असलेला सचिव मुंबईत राहत असेल तर त्यालाही तेवढाच. त्या एका रकान्यात आमची बरोबरी आहे.

साडूंचा बेसिक आता बराच वर गेला आहे. तो आकडा इथे लिहिला तर पुढच्या दिवाळीला निफाडला जायची सोय राहायची नाही. म्हणून नव्याने लागणाऱ्या पोराचा हिशेब सांगतो. बेसिक 18,000. जुलै 2025 च्या दराने महागाई भत्ता 58 टक्के, म्हणजे 10,440. नाशिकसारख्या शहरात घरभाडे 3,600. प्रवासभत्ता आणखी वेगळा. झाले 32,000 च्या वर. तो पहिल्या दिवशी 32,000 वर, आणि मी एकोणिसाव्या वर्षी 17,200 वर.

राग आला. खोटे कशाला सांगू. साडूंचा नव्हे, पण जवळजवळ साडूंचाच. हा माणूस दहा वाजता जातो, शनिवार-रविवार घरी असतो, आणि मी आठवड्याआड रात्रपाळी करतो, कूलंटने हाताची सालपटे निघतात.

असा राग पूर्वीही आला होता. मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता : यांना घरी बसवा, आम्ही निम्म्या पगारात काम करतो. तो मी तीन ठिकाणी पुढे पाठवला. साडूंनाही गेला, चुकून. त्यांनी अंगठा दाखवून सोडून दिले. आणि त्याच वर्षी पोराने तलाठ्याचा फॉर्म भरला तेव्हा परीक्षेचे 1,000 रुपये मीच दिले. साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि दहा लाखांवर अर्ज आले. ज्यांना घरी बसवायला निघालो होतो त्यांच्यात पोराला बसवायचे होते. नंबर लागला नाही, हे वेगळे.

तर त्या ओसरीवर साडूंनी मला त्यांच्या संघटनेच्या ग्रुपवर आलेला कागद दाखवला. 18,000 हा आकडा आला कुठून, ते त्यात लिहिले होते. मी तो घरी आणून दोनतीनदा वाचला. आपल्याला यातले सगळे माहीत असणार, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगतो.

1957 मध्ये दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघेही होते. किमान वेतन कसे काढायचे ते तिथे ठरले. कमावणारा एक, आणि त्याच्यावर घर धरून खाण्याची तीन एककं. पुरुषाचे एक, बाईचे 0.8, दोन मुलांचे प्रत्येकी 0.6. (बाईचे कमी का, असे बायकोने विचारले. मला उत्तर देता आले नाही, आपण बघावे.) आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या हिशेबाने एककाला 2,700 कॅलरी. माणशी वर्षाला अठरा वार कापड, म्हणजे चौघांचे बहात्तर वार. घरभाडे सरकारी औद्योगिक गृहयोजनेतल्या किमान भाड्याइतके. सरपण, दिवाबत्ती, किरकोळ मिळून वीस टक्के. पुढे 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के घालायला सांगितले.

सातव्या आयोगाने हेच सूत्र घेतले, धान्य, डाळ, दूध, कापड यांचे भाव लावले आणि 18,000 वर आला. हे वाचल्यावर साडूंवरचा राग गेला. चौघांचे घर चालायला जे लागते ते कोणी तरी कागदावर मांडले होते, एवढेच त्यांच्या पगारात होते.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. 1957 ची परिषद सरकारी शिपायांसाठी भरलीच नव्हती. ती गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांचे वेतन ठरवायला होती. रेप्टाकोस ब्रेट ही औषधे बनवणारी खासगी कंपनी, आणि तो खटला तिच्या मद्रासच्या कारखान्यातल्या कामगारांनी लढवलेला. सूत्र आमच्यासाठी केलेले, खटला आमच्यासारख्यांचा. त्या सूत्राने काढलेला पगार मात्र साडूंच्या खात्यावर जमा होतो आणि माझ्या होत नाही.

बायकोने त्या रात्री कापडाचा हिशेब काढला. बहात्तर वार म्हणजे जवळपास 66 मीटर. आमच्या घरात वर्षभरात आले ते असे : तिच्या दोन साड्या, ब्लाउजपीस, मुलीचा गणवेश, पोराची एक पँट आणि दोन शर्ट, एक चादर, आणि माझे कंपनीचे दोन ड्रेस, ज्यांचे 850 रुपये पगारातून कापले. ओढूनताणून 34 मीटर भरले. चादर धरायची की नाही यावर आमचा वाद झाला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, खासगी पगार म्हणून आपण कोणता धरणार? माझ्या शेजारच्या मशीनवर एक परमनंट ऑपरेटर आहे. जुन्या युनियनच्या काळात लागलेला. जॉब तोच, ड्रॉइंग तेच, तासाला निघणारे नग तेवढेच. कधी माझे चारदोन जास्त. तो 46,000 घेतो. मी 17,200. आम्हा दोघांच्या मशीनमध्ये सहा फुटांचे अंतर आहे. पाहणी करणारा कंपनीच्या एचआरकडे गेला तर त्याला परमनंटची यादी मिळेल, कारण कंत्राटी माणूस कंपनीच्या यादीत नसतोच. आणि कंत्राटदाराकडे गेला तर माझा पगार हाच बाजारभाव म्हणून लिहून घेईल. तो बाजारभाव नाही. माणूस बोलला की उद्यापासून येऊ नको म्हणता येते, त्या सोयीची ती किंमत आहे. त्याच्याशी तुलना करून साडूंचा पगार जास्त आहे असे कोणी ठरवत असेल तर मी या पत्राने त्याला हरकत घेतो.

दुसरी तक्रार आकड्यांची. एकाच सरकारचे, एकाच पोटासाठी किती आकडे असावेत? 2017 मध्ये केंद्राने राष्ट्रीय किमान पातळीचे वेतन रोज 176 रुपये धरले. 2019 मध्ये डॉ. अनुप सत्पथी यांच्या समितीने 375 सुचवले, तेही 2,700 च्या जागी 2,400 कॅलरी धरून. 1 ऑक्टोबर 2024 पासून केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या कामांवरच्या अकुशल कामगाराला मोठ्या शहरांत रोज 783 ठरवले. आणि आपल्या यादीतल्या पहिल्या पायरीवरच्या माणसाचा बेसिक व जुलै 2025 च्या दराने महागाई भत्ता मिळून 28,440 होतात. 26 दिवसांनी भागले तर रोज 1,094. 176 आणि 1,094 हे दोन्ही आकडे दिल्लीतच ठरले. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि तळाचे वेतन आता कायद्याने ठरणार, असे सांगतात. ते 176 च्या बाजूने ठरते की 1,094 च्या, त्यावर माझ्यासारख्यांचे पुढचे आयुष्य आहे, आणि त्या कामी आपला अहवाल उपयोगी पडू शकतो.

तिसरी तक्रार सांगायला थोडी जागा लागेल.

लग्नपत्रिका द्यायला मी एकदा साडूंच्या कार्यालयात गेलो. सहाव्या आयोगाने 'ड' वर्ग मिटवला, त्यातले लोक 'क' वर्गात घेतले, पगार वाढले, चांगले झाले. पण मग झाडणारा, पाणी भरणारा, फायली उचलणारा कोण? साडूंच्या कार्यालयात एमटीएसच्या जागा चार. भरलेली एक, ती साडूंची. बाकी तीन कामे एजन्सीची पोरे करतात. त्यातल्या एकाने मला चहा आणून दिला. बावीस-तेवीसचा, बी.ए. झालेला. साडू बाहेर टपालाची नोंद करत होते, तोही दुसऱ्या वहीत तेच करत होता.

मी सहज विचारले, पगार किती.

'काका, बँकेत सतरा येतात.'

'मग बरं आहे की.'

'सात तारखेनंतर सुपरवायझर येतो. त्याला तीन द्यायचे, रोख.'

'आणि नाही दिले तर?'

तो हसला. 'मग दुसरा पोरगा येतो.'

परत निघताना साडू पायऱ्यांपर्यंत आले. मी विचारले, तुम्हाला ठाऊक आहे का हे. म्हणाले, 'सगळ्यांना ठाऊक आहे. मी बोललो तर मला मेमो, त्याला घरचा रस्ता.'

आदर्श मालक म्हणवून घेणाऱ्या सरकारच्या छपराखाली हे चालते. 1971 च्या कंत्राटी कामगार नियमांतच लिहिले होते की, मुख्य मालकाच्या कायम कामगारासारखेच काम कंत्राटी कामगार करत असेल तर त्याचे वेतन, रजा, कामाचे तास त्याच्याइतकेच असावेत. ऑक्टोबर 2016 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारातल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान कामाला समान वेतन लागू केले. माझ्या कंपनीने नियम मोडला तर मी सरकारकडे तक्रार करू शकतो, निदान तसे म्हणायला जागा आहे. त्या पोराने कोणाकडे जावे? आमच्या राज्य शासनाचे सांगायचे तर सप्टेंबर 2023 मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत माणसे घेण्याचा जीआर निघाला, पोरे रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरात तो मागे घेतला. जीआर गेला. एजन्सीची माणसे कार्यालयांतून गेली नाहीत.

तेव्हा सरकारी विरुद्ध खासगी हा वाद मला आता पटत नाही. साडूंच्या कार्यालयात माझ्यासारखे तिघे आहेत आणि माझ्या शेडमध्ये साडूंसारखे काही. भिंत दोन्ही इमारतींच्या आतून गेली आहे.

चौथी तक्रार पेन्शनची. आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत. सत्तावीस वर्षे कारखान्यात काढली, तीही परमनंट म्हणून. 2013 पासून त्यांना पीएफची पेन्शन महिना 1,940 रुपये मिळते. आजही 1,940. तिला महागाई भत्ता नाही. ईपीएस-95 म्हणजे हीच पीएफची पेन्शन योजना; तिची किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 वर खिळलेली आहे. केंद्राची किमान पेन्शन सातव्या आयोगापासून 9,000, आणि त्यावर महागाई भत्ता 58 टक्के धरला तर 14,220. तेल, डाळ अण्णाही त्याच दुकानातून आणतात. बुलढाण्यात ईपीएसवाले म्हातारे वर्षानुवर्षे साखळी उपोषणाला बसले, त्याची बातमी जिल्हा पानाच्या पुढे फारशी सरकली नाही. हा विषय आपला नाही, कबूल. पण आपण पेन्शनरांचा भत्ता मोजायला बसाल तेव्हा शेजारी हा आकडाही पडू द्या.

पाचवी, वरच्या पगारांची. याबद्दल मला फार बोलायचे नाही. हुशार डॉक्टर, इंजिनिअर सरकारात टिकायला हवेत हे कळते. पण मागच्या वेळी पहिल्या पायरीला 2.57 ने गुणले आणि सचिवाला 2.81 ने. 7,000 चे 18,000 झाले, 80,000 चे सव्वादोन लाख. भाववाढ ज्याला जास्त चावते त्याला कमी गुणक का, ते मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

सरकारी कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही असे समजू नका. मुलीच्या प्रवेशाला उत्पन्नाचा दाखला हवा होता, तेव्हा एका कार्यालयात तीन चकरा झाल्या, तीन खाडे पडले. एका खाड्याचे मला साडेसहाशे जातात. तिसऱ्या दिवशी कळले की अर्जाला जोडलेली माझी पगाराची स्लिप कंत्राटदाराची असल्याने 'चालत नाही'. लोकसेवा हक्क कायदा महाराष्ट्रात 2015 पासून आहे, वेळेत सेवा न देणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. ती वापरा, जोरात वापरा. आळशी माणसाला दंड करण्याऐवजी सगळ्या खात्याचा पगार कमी करा, असे म्हणणारे पूर्वी माझ्याच ग्रुपवर होते. मीही होतो, वर सांगितलेच आहे.

मालक म्हणतील, सगळ्यांना 28,000 दिले तर कारखाने बंद पडतील. लहान वर्कशॉपवाल्याचे म्हणणे मी ऐकून घेईन. माझा मावसभाऊ तसाच आहे, त्याच्याकडे दोन मशीन आणि बँकेचा हप्ता आहे. पण जिथे शेजारच्या मशीनवर 46,000 दिले जातात आणि कंपनी त्यातूनही नफा काढते, तिथे हे ऐकायला मी तयार नाही. शिवाय कंपनी माझ्यापायी 17,200 वर सुटत नाही. कंत्राटदाराचे कमिशन, सर्व्हिस चार्ज, वर मनुष्यबळाच्या बिलावर 18 टक्के जीएसटी, परतावा मिळत असला तरी आधी भरावा लागतोच. मला थेट घेतले तर तेवढ्यात मला जास्त मिळेल. पण मग मला काढता येणार नाही.

मला कोणी विचारले की सरकारी माणसाला खासगीतल्या माणसापेक्षा जास्त पगार असावा का, तर माझे म्हणणे असे : खालच्या पायरीवर दोघांना सारखा असावा, आणि तो साडूंच्या आकड्याजवळ असावा. माझा आकडा मोजपट्टी म्हणून कोणी वापरू नये.

यासाठी मागण्या :

1. खासगी क्षेत्रातले पगार कमी आहेत, या कारणावरून पहिल्या तीन-चार पायऱ्यांच्या वेतनात काटछाट सुचवू नये.

2. खासगी पगारांची पाहणी होईल तेव्हा कंत्राटी कामगारांचा रकाना वेगळा असावा. माहिती कंपनीच्या कागदावरून घेऊ नये. गेटवर उभे राहून, शिफ्ट सुटताना कामगाराला विचारून घ्यावी. सकाळी सातला आणि दुपारी साडेतीनला सातपूरला या, चहा माझ्याकडून.

3. केंद्राच्या प्रत्येक खात्याकडून मागवून घ्यावे की एजन्सीमार्फत किती माणसे काम करतात, कोणत्या मंजूर पदाचे काम करतात, खाते एजन्सीला किती देते आणि माणसाच्या हातात किती पडते. ती यादी अहवालाला जोडावी. आपल्यासमोर संघटना येतील, निवेदने देतील. या पोरांची संघटना नाही, त्यांच्या वतीने कोणी येणार नाही, म्हणून हे काम आयोगानेच करावे.

4. नवे किमान वेतन काढताना लावलेले भाव, कॅलरी, कापड, भाडे सगळे मराठीसह भारतीय भाषांत छापावे, आणि तो आकडा तळाचे वेतन ठरवताना विचारात घ्यावा अशी शिफारस कामगार मंत्रालयाला करावी.

5. मनुष्यबळाच्या सरकारी निविदांत, कायम माणसाइतके काम असेल तर पहिल्या पायरीइतके वेतन, ही अट असावी. आणि पगारातून रोख परत मागणाऱ्या एजन्सीचे नाव काळ्या यादीत घालण्याची जबाबदारी त्या कार्यालयप्रमुखाच्या नावाने लिहावी. नावाने लिहिल्याशिवाय ती कोणाचीच होत नाही.

6. गुणक सगळ्यांना एकच असावा. वेगळा ठेवायचाच असेल तर खालच्याला जास्त.

या पत्राखाली नाव लिहीत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आमचे चालू कंत्राट 31 मार्चला संपते आणि सहावा कंत्राटदार येणार असे ऐकतो. नवी यादी तोच करणार आहे.

आपला,
सातपूर औद्योगिक वसाहतीतला एक कंत्राटी ऑपरेटर
नाशिक